मस्कतचं धोंडेजेवण

मस्कतबद्दल मला कोणी काही विचारू नये. मी तिथे आयुष्यात एकदाच गेले, तिथल्या एका हॉटेलात एकदाच जेवले, आणि ते जेवण मला अजून पचलेलं नाही. आता आमच्या दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांमध्ये काचेची हॉटेलं झाली आहेत. मुंबईहून माणसं गाड्या घेऊन येतात, काळ्या दगडाच्या पाटीवर वाढलेले चार घास वाईनबरोबर खातात आणि खाण्याआधी त्यांचे फोटो काढतात. माझी सून मला हौसेने तिथे नेते आणि "आई, कसं वाटलं?" असं विचारते. मी बरं आहे म्हणते आणि गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये परत आल्यावर गुपचूप खिचडी टाकते. हॉटेलवाल्यांवर माझा राग आहे असं तिला वाटतं. थोडा आहेच. पण खरा राग दुसऱ्या माणसावर आहे, आणि तो माणूस आता या जगात नाही म्हणून राग सोडून द्यावा, असं मला वाटत नाही.

तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, शोभाताईचा नवरा. आम्ही त्याला दाजी म्हणायचो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, इथे करणार नाही. नाशिकचा मुलगा, इंजिनीअर, मस्कतला नोकरी, पांढरे शर्ट, बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो "मामा, मामा" म्हणायचा आणि अप्पा विरघळायचे. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा त्याने आईच्या हातच्या भरल्या वांग्यावरचा तेलाचा तवंग चमच्याने काढून ताटाच्या कडेला लावला होता. हसत हसत, सगळ्यांशी गप्पा मारत. मला तो त्याच दिवशी आवडला नाही. मी आईला तसं म्हटलंही, तर आई म्हणाली, "तुला कोण आवडतं नंदे? तुझं नाक कायम वर."

ताईचं तसं नव्हतं, तिला सगळं आवडायचं. विशेष म्हणजे तिला खायला आवडायचं. आमच्या मळ्यातल्या घरात सकाळी फवारणीच्या ब्लोअरचा आवाज सुरू झाला की स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि पहिली भाकरी तव्यावरून उतरायच्या आत ताई पाटावर बसलेली असायची. ती येता-जाता शेंगदाण्यांची मूठ घ्यायची, पातेल्याच्या कडेची खरपूस साय चमच्याने खरवडायची, आंबट वरण नुसतं वाटीने प्यायची. अप्पांचा आवाज मोठा. बागेच्या एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाचा गडी दचकायचा. पण ताईला खाताना बघून ते हळूच म्हणायचे, "पोरगी जेवली की माझंच पोट भरतं." मी पानात टाकायचे, वास घ्यायचे, नावं ठेवायचे. मला कोणी असलं काही म्हटलं नाही.

लग्नानंतर ताई मस्कतला गेली ती गेलीच. मग धोंड्याचा महिना आला. आमच्याकडे अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, जावयाला ओवाळायचं, कपडे करायचे, हा रिवाज आहे. जावई तो महिनाभर नारायण असतो. त्याच्या मनाविरुद्ध घरात कोणी शब्द काढायचा नाही. लग्नानंतरचा पहिला धोंडा तर मोठाच, त्याला अंगठी घालतात. दाजी म्हणाला, रजा नाही, तुम्हीच इकडे या, मी व्हिसा करतो. त्यातच ताईला दिवस गेल्याचं कळलं होतं, पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. पण दाजी त्याबद्दल काही बोलत नव्हता. आईने अप्पांच्या मागे लकडा लावला, की समोर बसून विचारा आणि पोरीला बरोबरच घेऊन येऊ. म्हणून आम्ही तिघं विमानात बसलो. आईच्या पिशवीत हरभऱ्याची डाळ, गूळ, जायफळ, तुपाची बरणी आणि अनारशांचा डबा. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेल्या आईने खिडकीतून एकदाही खाली पाहिलं नाही, सारखी ती पिशवी चाचपत राहिली.

आता इथे आमच्याकडची दुसरी एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लेकीला मूल होईपर्यंत आई-बाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. आता हे कोणी फारसं पाळत नाही, पण अप्पा पाळायचे, कडक पाळायचे. त्यामुळे आम्ही उतरलो ते एका लॉजवर. ती खोली दाजीनेच बघून ठेवली होती. "मामा, हल्ली कोण पाळतं हो हे? तुमचे संस्कार बघून मला भरून येतं," असं तो विमानतळावरच म्हणाला. अप्पा खूश. मी शेजारी उभी होते, मला फक्त त्याचा घड्याळ बघायला उचललेला हात दिसत होता. मस्कतमध्ये तेव्हा असं ऊन होतं की दाराची कडी धरवत नव्हती. आम्ही रोज संध्याकाळी ताईकडे जायचो, बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसायचो, पाणीही न पिता गप्पा मारायचो आणि लॉजवर परत यायचो. लॉजच्या खाली एक केरळी खाणावळ होती, तिथे भात-सांबार मिळायचं.

ताई बारीक झाली होती. आई म्हणाली, पहिले महिने असंच असतं, काही पोटात ठरत नाही. ताई हो म्हणाली. ताई सगळ्यालाच हो म्हणत होती. आईने विचारलं, अनारसे कसे झालेत गं, तर म्हणाली छान झालेत. आईचं म्हणणं होतं की ताईच्याच स्वयंपाकघरात पुरण घालावं. आपण खायचं नाही, पण पोरीला आणि जावयाला वाढायला काय हरकत आहे? ती तशी उठलीसुद्धा, पदर खोचून. दाजी चटकन आडवा आला. "मामी, तुम्ही पाहुण्या. इतक्या लांबून येऊन चुलीपाशी राबायचं? मी हॉटेलात सांगून ठेवलंय. समुद्रावरचं हॉटेल आहे, मोठं. धोंडा तिथेच करू." धोंडा घालायचा सासू-सासऱ्यांनी आणि ठरवायचं जावयाने, असा तो प्रकार. पण त्या महिन्यात त्याचा शब्द मोडायचा नव्हता. आई परत सोफ्यावर बसली.

ते हॉटेल वरच्या मजल्यावर होतं. खाली बंदर, बोटींचे दिवे, पायाखाली रुतणारा गालिचा आणि अंगावर काटा येईल एवढा गारठा. टेबलावर मेणबत्ती होती, पण आईने निरांजन काढल्यावर वेटर धावत आला आणि हिंदीत म्हणाला की इथे काही पेटवायचं नाही. आई दाजीकडे बघायला लागली, की तुम्ही सांगून ठेवलंय ना? दाजी वेटरला म्हणाला, "जाने दो, गाँव के लोग हैं." आमच्यासमोर, आमच्याच धोंड्याच्या दिवशी. अप्पांना हिंदी चांगलं कळतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि ठेवला. आईने न पेटवलेलं निरांजन ओवाळलं, कुंकू लावलं, अंगठी घातली, कापड दिलं. दाजीने अंगठी फिरवून बघितली आणि दुसऱ्या हाताने टेबलावरच्या नॅपकिनने कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. मग धोंड्यांचं काय, असं मी मुद्दाम विचारलं. "अगं, इथे स्वीट डिश असते," तो म्हणाला.

जेवण त्यानेच मागवलं. कोणाला काही विचारलं नाही. आधी एक पांढरं सूप आलं, कोमट, पिठाच्या वासाचं. मग पनीर आलं, लाल रश्शात पोहणारं, आणि त्या पनीरला आंबूस वास होता. मला शिळं-ताजं वासावरून कळतं, लहानपणापासून, आणि ते पनीर ताजं नव्हतं. नान इतका गार आणि चिवट की अप्पांनी दोन्ही हातांनी ओढून फाडला. डाळीत डाळ शोधावी लागत होती. भातात डब्यातल्या गोड चेऱ्या आणि अननसाचे तुकडे होते, आईने एक घास घेतला आणि तिचा चेहरा पडला. धोंड्याच्या महिन्यात आई एकभुक्त असायची, दिवसातून एकदाच जेवायची. म्हणजे तिचं त्या दिवसाचं जेवण हेच होतं. मी पनीर नॅपकिनमध्ये थुंकलं आणि मोठ्याने म्हणाले, "हे खराब झालंय." दाजी हसला. "नंदा, ही इंटरनॅशनल टेस्ट आहे. तुम्हाला तिखटाची सवय." अप्पांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. ते यजमान होते. यजमानाने अन्नाला नाव ठेवायचं नसतं, ते अन्न परक्याने रांधलेलं असलं तरी.

आणि ताई खात होती. मान खाली घालून, भराभर. सूप संपवलं, ते आंबलेलं पनीर संपवलं, वाटी नानच्या तुकड्याने पुसून घेतली. आईने आपला भात तिच्याकडे सरकवला तर तोही संपवला, चेऱ्यांसकट. मला तिचा राग आला. कोणी वाईट अन्न चवीने खाल्लं की मला अजून राग येतो, त्यात आपलाच अपमान आहे असं वाटतं. आईचा चेहरा मात्र जरा उजळला. "डोहाळे लागलेत पोरीला," ती अप्पांना म्हणाली. अप्पांनाही धीर आला असावा, कारण त्यांनी घसा साफ केला आणि ज्यासाठी आम्ही समुद्र ओलांडला होता ते बोलून टाकलं. "पाहुणे, शोभाचं पहिलं बाळंतपण हाय. आमच्या रीतीनं ते माहेरी व्हावं. आमच्याच बरोबर पाठवली तर लय बरं होईल."

दाजीने नॅपकिनने ओठ टिपले. "मामा, इथली हॉस्पिटलं बघा एकदा. तुमच्या दिंडोरीला काय आहे? आणि तिला इथे काही कमी आहे का? विचारा तिलाच." ताईने वर पाहिलं नाही. मग तो बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आवाज कुठे गेला कोण जाणे, अप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "तुमी म्हणाल तसं." आईचे डोळे भरले. संपलं होतं. मला अप्पांचाही संताप आला, दाजीपेक्षा जास्त आला.

तेवढ्यात ताईचा हात माझ्या ताटाकडे आला. मी टाकलेला नानचा तुकडा होता, तो घ्यायला. दाजी अगदी हळू, हसऱ्या तोंडाने म्हणाला, "शोभा, बस." आणि ताईचा हात जागच्या जागी थांबला, मग मागे गेला आणि मांडीवर जाऊन पडला. तिला त्या शब्दाची सवय होती. ते बघितल्यावर ताईवरचा माझा राग कुठल्या कुठे गेला. डोहाळे लागलेली बाई अशी खात नाही. आमच्या बागेवर छाटणीला सुरगाण्याकडच्या बाया यायच्या, जीपमध्ये दिवसभर उपाशी बसून. त्या पोहोचल्यावर पहिल्या भाकरीला असा हात घालायच्या.

मी म्हटलं, ताई, हात धुवायला चल. बेसिनपाशी मी तिची पर्स ओढली. ती सोडत नव्हती. पर्समध्ये हॉटेलच्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेला एक अख्खा नान होता.

"हे काय आहे?"

"उद्याला," ताई म्हणाली. मग म्हणाली, "ओरडू नको नंदे. तो कंपनीच्या कँटीनमध्ये जेवतो दोन्ही वेळा. कपाटाला कुलूप असतं. सकाळी जाताना वाटीभर तांदूळ काढून ठेवतो, थोडी डाळ. म्हणतो माहेरी खादाडपणा लावलाय, सवय मोडायला पाहिजे. फ्लॅट घ्यायचाय ना नाशकात."

"आणि आईचे अनारसे?"

"ते त्याने ऑफिसात नेले."

"ताई, तू सांगितलं का नाहीस?"

"कुठे सांगणार? तुम्ही यायचात आणि सोफ्यावर बसून जायचात. तोही समोर बसलेला." ती नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली. "अप्पांना सांगू नको. त्यांना सोसायचं नाही."

सांगू नको म्हटलेलं मी आयुष्यात कधी पोटात ठेवलं नाही. मी तो नान हातात घेऊन टेबलापाशी गेले आणि दाजीच्या कस्टर्डच्या वाटीशेजारी ठेवला. म्हटलं, "अप्पा, ताई उपाशी आहे. रोजच उपाशी असते. हा धान्याच्या कपाटाला कुलूप लावून जातो." शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी वळून पाहिलं. दाजीचा गोडवा क्षणभर गळून पडला, पण त्याने तो लगेच परत चढवला. "मामा, लहान आहे ती. अहो, डॉक्टरनेच वजन सांभाळायला सांगितलंय." अप्पा त्याच्याकडे बघत नव्हते. ते माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या ताईकडे, तिच्या मनगटाकडे बघत होते. आईने तोंडावर पदर धरला होता. अप्पा उठले.

"पाहुणे, घरी चला. मला तहान लागली."

"मामा, पाणी इथेच आहे की. आणि तुम्ही तर लेकीच्या घरचं..."

"आज पितो," अप्पा म्हणाले.

दाजीच्याच गाडीतून आम्ही गेलो. घरात शिरल्यावर अप्पा सोफ्यापाशी थांबले नाहीत, चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेले. आम्ही तिघी त्यांच्यामागे. इतक्या संध्याकाळी त्या घरात काढल्या होत्या, पण त्या दाराच्या आत पाऊल टाकायची आमची पहिलीच वेळ. ओटा लखलखीत होता, जिथे काही शिजत नाही तिथला ओटा असतो तसा. वर भिंतीतल्या कपाटाला पितळी कुलूप. फ्रिज उघडला तर पाण्याच्या बाटल्या आणि अर्धं लिंबू. कोपऱ्यात टोपलीत दोन कांदे आणि एका स्टीलच्या वाटीत झाकून ठेवलेले तांदूळ, दुसऱ्या दिवसाचे. अप्पांनी झाकण काढून बघितलं, परत ठेवलं. मग त्यांनी नळाखाली तांब्या धरला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्याले. आयुष्यभर पाळलेली रीत त्यांनी अशी मोडली आणि तोंड पुसून दाजीकडे वळले.

"झालं. लेकीच्या घरचं पाणी प्यालो. आता कसला धोंडा आन् कसला मान. किल्ली आणा."

"मामा, तुमचा गैरसमज..."

"किल्ली." हा तो बागेतला आवाज होता. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचं ऐकू आलं. दाजीने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि ओट्यावर ठेवला. हातात दिला नाही, ठेवला. अप्पांनी तो ताईपुढे सरकवला. त्यांचं म्हणणं होतं की हिचे कपडे भरा आणि आत्ताच्या आत्ता लॉजवर चला. आई तर निघालीसुद्धा. पण ताई जागची हलली नाही. ती म्हणाली, "आईचं आज एकभुक्त आहे. तिच्या पोटात काही नाही. आधी भात टाकते." आणि तिने कुलूप काढलं.

मला नंतर खूप जणांनी समजावलं. माणूस चांगला होता, जरा कंजूष होता, तरुणपणी होतं असं. ताईसुद्धा म्हणाली कधीतरी, जाऊ दे. तो गेला तेव्हा दहाव्याला सगळी जाऊन आली. मी त्या दिवशी घरी थांबले आणि पुरणपोळी केली. सुनेला ते विचित्र वाटलं. वाटू दे.

त्या रात्री आम्ही स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून जेवलो. भात, जाड वरण, त्याच कपाटातून निघालेल्या आईच्या बरणीतलं तूप, आणि अप्पांनी बुक्कीने फोडलेले ते दोन कांदे. वरणाला हिंग नव्हता, मीठ जरा जास्त झालं होतं, आणि मी पहिल्यांदाच कशाला नाव ठेवलं नाही. आई घास घ्यायची आणि डोळे पुसायची. अप्पांना ठसका लागला तर ताईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दाजी बाहेर सोफ्यावर बसून होता. बऱ्याच वेळाने तो दारात आला आणि चौकटीला टेकला. आवाज पुन्हा गोड झाला होता. "मग मामा, काय ठरवलंत? मी काय समजायचं?"

"मला नका विचारू," अप्पा मान वर न करता म्हणाले. "तिला विचारा."

तो ताईकडे बघायला लागला. आम्हीही बघायला लागलो. ताईच्या तोंडात घास होता. तिने तो सावकाश चावला, गिळला. "मी जातेय," ती म्हणाली, आणि पातेलं जवळ ओढून तिने आणखी भात वाढून घेतला.